फ्रिजमागचा हात

२ जून

नूरच्या घरी पहिला फ्रिज आला तेव्हा आमची नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. रोशन गेटजवळचं त्यांचं घर, भर दुपार, अम्मी आतल्या खोलीत झोपलेल्या. आम्ही खिडक्या लावल्या, दाराखाली चादर कोंबली, फ्रिजचं दार सताड उघडलं आणि समोर फरशीवर बसून पाय आत घातले. नूर म्हणाली, खोली थंड होणार. मी म्हणाले, गरम होणार. ती म्हणाली, येडी, थंडी बाहेर येतीय ना. मी उठले, फ्रिजच्या मागं काळी जाळी असते तिला हात लावून आले. म्हटलं, बघ मागं किती तापलंय. ती उठली नाही. पाय गार लागत होते तिचे. मग अम्मी जाग्या झाल्या, दूध नासलेलं सापडलं, दोघींना सारख्याच धपाट्या बसल्या. वाद तसाच राहिला.

आज आठवलं कारण नूर आजही फ्रिजला टेकून उभी होती. हातात मुलानं दिलेला टॅबलेट. मी चहा निम्मा संपवला तरी टाइप करतच होती.

"थांब शैले, ह्याला एक दणका देते, मग बोलू."

दणका दिला. त्याचं उत्तर आलं. परत दणका. मी चहा संपवून निघाले तेव्हा तिनं मान वर न करता हात हलवला.

४ जून

पाण्याचा दिवस. सगळं भरून झालं, आता बसलेय.

आम्ही दोघी वर्षानुवर्षं पहाटे हिमायत बागेत चालायचो. चालणं निमित्त होतं, खरं काम भांडायचं. अणुवीज, मतदानाची यंत्रं, उपास, कुणाच्या मुलीनं कुणाशी लग्न केलं, काहीही चालायचं. नूरनं जन्मभर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, मी विम्याच्या ऑफिसात होते, पण त्यामुळं ती माझं ऐकून घेईल असं कधी झालं नाही आणि मीही तिचं कधी ऐकलं नाही. मग तिचे गुडघे गेले. बाग सुटली. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून ती येत नाही, मी जाते. वाटलं होतं भांडण तेवढं तिच्या स्वयंपाकघरात चालू राहील.

पण तिला कट्टा सापडला. मोबाइलवरचा. कुणीही कुठल्याही नावानं यावं आणि विज्ञान, यंत्रं, सरकार यांवरून अनोळखी माणसांशी वाद घालावा. नुसतं वाचायला नाव द्यावं लागत नाही. मी वाचते.

तिथं एकजण आहे. नाव घेतलंय 'साधामाणूस'. लासूर स्टेशनला मका-कांद्याची आडत होती, आता मुलाच्या हाती दिली, असं स्वतःच लिहितो. स्मार्ट मीटरवरून तिचं त्याच्याशी जुंपलं ते अजून चालू आहे. पुढं सा.मा. एवढंच लिहीन. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.

तो तिला 'नूरताई' म्हणतो.

७ जून

दवाखाना. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टर तरुण आहेत, कागदावर चित्र काढून दाखवलं. ऑपरेशन करावं म्हणतात, जुलैच्या सुरुवातीला. नाही केलं तर? तर बघू किती दिवस निघतात, असं काहीतरी बोलले.

पुण्याला मेघनाला फोन केला. रडली, मग रजेचं बोलली, मग परत रडली. पोरीला धीर देता देता मलाच बरं वाटलं.

तिथून थेट नूरकडे गेले. सांगायचं म्हणूनच गेले होते. ती म्हणाली, "बस, बस. आज ते साधामाणूस काय म्हणतंय माहितीये? म्हणतंय सौर पॅनलनं पाऊस कमी होतो. हसून हसून मेले." वाचून दाखवायला लागली. मीही हसले. तिनं मधे एकदा विचारलं, "तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, ऊन. "हौ, ऊन लई आहे," म्हणाली आणि पुढचं वाचू लागली.

सांगितलं नाही.

९ जून

आज पुन्हा त्या दोघांचं वाचलं. सगळं. ती काय सुंदर लिहिते. पंख्यानं हवा थंड का होत नाही ते चार ओळींत सांगितलं, त्यात कूलरच्या गवताचा वासही आला. असं ती माझ्याशी बोलायची. बागेत, दुसऱ्या फेरीला, धाप लागलेली असताना.

सा.मा.चं उत्तर: "ताई, पुरावा?"

एवढंच. दोन शब्द. त्यावर ती परत एवढं मोठं लिहिते. मी जन्मभर पूर्ण वाक्यात विरोध केला तिला.

कुणाचा हेवा करतेय मी. आडत्याचा.

१२ जून

आज अक्षर वाईट येईल.

कट्ट्यावर विषय होता शहरातल्या उन्हाचा. सा.मा. म्हणाला, घरोघरी एसी लावले की शहर थंड होईल. नूरनं लिहिलं:

"लहानपणी आमच्याकडे पहिला फ्रिज आला तेव्हा मी खोली बंद करून त्याचं दार उघडं ठेवून बसले होते. खोली थंड होईल का बघायला. मग उठून मागच्या जाळीला हात लावला. पोळला. त्या दिवशी मला कळलं, यंत्र थंडी तयार करत नाही, गरमी इथून उचलून तिथं टाकतं."

'मी बसले होते.' 'मला कळलं.' सगळं तिचं एकटीचं.

मी त्या खोलीत नाही. चादर कोणी कोंबली, ते नाही. दोन जोड्या पाय होते, ते नाही. आणि हात माझा होता. तो तिनं स्वतःला लावला आणि उचलून सा.मा.ला देऊन टाकला, ज्याला रोशन गेट कुठं आहे तेही माहीत नसेल.

त्यानं काय लिहिलं? "वा ताई. हे पटलं."

पहिल्यांदा त्याला तिचं काही पटलं, आणि ते माझं होतं.

१३ जून

कट्ट्यावर नाव नोंदवलं. नाव विचारलं तेव्हा जे शाळेत उत्तरपत्रिकेवर लिहायचो तेच लिहिलं: शैलजा, नववी ब. नूरला एका नजरेत कळावं म्हणून. कळेलच. आमच्या वर्गात शैलजा एकच होती.

मग वादविवाद स्पर्धेत उभी राहायचे तसं लिहिलं. आमच्या शाळेतल्या सिस्टर ॲग्नेसनी शिकवलं होतं, आधी विरोधकाला मान द्यावा, मग त्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडावा, मग तो खोडावा. आदल्या संध्याकाळी एका बाजूनं तयारी करून घ्यायच्या आणि सकाळी सांगायच्या, आता उलट बाजूनं बोला. त्यामुळं आम्हाला कुठलीच बाजू कधी परकी वाटली नाही.

लिहिलं ते असं:

"सन्माननीय नूरजींनी दिलेले उदाहरण समर्पक आहे. त्यांचा निष्कर्षही मला मान्य आहे. मात्र अत्यंत नम्रपणे एक दुरुस्ती सुचवते. त्या खोलीत दोन मुली होत्या, आणि जाळीला हात लावणारी मुलगी दुसरी होती."

तीनदा वाचून पाठवलं. अनुस्वारही तपासले.

१४ जून

पहिलं उत्तर कुणा 'वाळूज बॉय'चं. "हे मशीननं लिहिलंय. माणूस असं लिहीत नाही."

दुसरा: "नववी ब म्हणजे कोणतं व्हर्जन? दहावी अ कधी येणार?"

सा.मा.: "मशीनबाई, तुम्ही त्या खोलीत होता का? फ्रिज तुम्हीच होता का?"

मी लिहिलं, "मी मशीन नाही. मी एक सेवानिवृत्त महिला आहे." त्यावर वाळूज बॉय म्हणाला, मशीन हेच म्हणेल. सिद्ध कर. माणूस असशील तर एक शिवी दे.

मी लिहिलं, "मला शिव्या येतात, परंतु या चर्चेत त्यांची आवश्यकता वाटत नाही."

"बघा," सगळ्यांनी लिहिलं, "मशीनच."

हे सगळं नूर बघत होती. तिच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. मी वाट पाहिली. एक ओळ लिहायची होती तिला, ही माझी मैत्रीण आहे. एवढंच.

सा.मा.च्या फ्रिजच्या विनोदाखाली तिनं हसणारं तोंड टाकलं.

१५ जून

गेले नाही.

१७ जून

गेले नाही. तिचा फोन आला, उचलला नाही. नंतर उचलायला हवा होता असं वाटलं तोवर वाजायचा थांबला होता.

औरंगपुऱ्यात औषधं घ्यायला गेले. परत येताना जिन्यात मधे बसावं लागलं. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "मावशी, बरं वाटत नाही का?" म्हटलं, जिना चढला ना, थोडी बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. नूर असती तर आधी म्हणाली असती की बसणं चुकीचं आहे, सावकाश चढत राहायचं असतं. मग मी म्हणाले असते, तू डॉक्टर आहेस का.

१९ जून

आज गेले. न जाता राहवेना.

सुनेनं दार उघडलं. नूर पलंगावर पाय लांब करून, गुडघ्याला शेकायची पिशवी. टॅबलेट उशीखाली सरकवला. मी पाहिलं.

"आली का नववी ब?" म्हणाली.

म्हणजे ओळखलं होतं.

मी म्हटलं, "पहिल्या मिनिटाला ओळखलंस ना?"

"पहिल्या मिनिटाला? नाव बघूनच. मग ते अत्यंत नम्रपणे. अल्ला, किती वर्षांनी ऐकलं ते."

"मग बोलली का नाहीस? ते मला मशीन म्हणत होते. तू हसलीस."

ती म्हणाली, "शैले, तू माईकवर होतीस."

मला एकदम कळलं नाही.

"सिस्टरचा नियम विसरलीस तू. आपली जोडीदारीण माईकवर असली की खालून शब्द पुरवायचा नाही. अडखळली तरी नाही, लोक हसले तरी नाही. तिचं तिनं सापडवायचं. जालन्याला तू मधेच अडकलीस, आठवतं? मला पूर्ण उत्तर येत होतं. ओठ चावून बसले मी. मग तुला सापडलं. तेव्हा नाही रागावलीस."

"ती स्पर्धा होती."

"हे काय आहे मग? आणि ते शिवीचं उत्तर तू किती झकास दिलंस. त्यावरच हसले मी. चुकून त्या फ्रिजच्या खाली पडलं बोट. काय करू, जाड बोटं आहेत."

खरं की खोटं कोण जाणे. नूर बोटांवर ढकलते नेहमी.

मी म्हटलं, "बरं. ते सोड. पण हात माझा होता."

"कुठला हात?"

"फ्रिजच्या मागं लावलेला."

"हॅ. हात माझा होता. तुझे पाय आत होते, तू म्हणत होतीस थंड होणार. मी फिजिक्सवाली, मी कशाला म्हणेन थंड होणार?"

"तेव्हा तू फिजिक्सवाली नव्हतीस. नववीत होतीस."

"तीस वर्षं पोरांना सांगतेय मी ही गोष्ट. दर वर्षी. हात पोळलेला आठवतो मला, इथं, करंगळीखाली."

"तीस वर्षं सांगितलंस म्हणून आठवतो तुला. खरं म्हणजे..."

सून दारात चहा घेऊन उभी होती. दोघींकडं बघून परत गेली.

मग मी जे म्हणायला नको होतं ते म्हणाले. "सांग ना मग त्या साधामाणसाला. सगळं त्यालाच सांगतेस. जुलैत माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे, तेही आता त्याच्याकडूनच कळू दे तुला."

असं सांगायचं नव्हतं.

नूरनं पिशवी गुडघ्यावरून काढली. मग विचारलं, "कोणती झडप?"

२२ जून

सकाळी दार वाजलं. दारात नूर. एक हात कठड्यावर, एक नातवाच्या खांद्यावर, चेहरा राखेसारखा. वर्ष होऊन गेलं ती हे जिने चढली नव्हती. नातवाला खाली पाठवून दिलं, म्हणाली, जा, आमचं काम आहे.

पाणी प्यायली आणि उभ्यानंच सुरुवात केली. ऑपरेशनच्या विरुद्ध. वाचून आली होती. वय, जखम भरायला लागणारा वेळ, भूल, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आयुष्यभर. मी अडवत राहिले, ती हाणत राहिली. "तुला साखर नाही म्हणतेस, शेवटचं कधी तपासलीस? दुसऱ्या डॉक्टरचं मत कुठाय? मुलगी म्हणते म्हणून करणार तू?" मी म्हटलं, "मुलीचं नाव मधे आणू नकोस." "का नको? विषयात आहे ती."

भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बोट करून म्हणाली, "विचार त्यांना, तपासल्याशिवाय मान्य केलं असतं का त्यांनी काही?" हे मात्र लबाडीचं होतं. तसं सांगितलं तिला. म्हणाली, "लबाडी नाय, मुद्दा आहे."

जेवून गेली. जाताना जिना बसून बसून उतरली, पायरी पायरी. मी वरून बघत होते. मान वर करून म्हणाली, "बघू नक्को, पडेन."

२५ जून

पुन्हा आली. मी म्हटलं, तू नको चढू, मी येते. म्हणाली, तुझं हृदय आहे, माझे नुसते गुडघे, त्यात फरक आहे.

आज ऑपरेशनच्या बाजूनं बोलली. परवाचा एकेक मुद्दा घेऊन स्वतःच खोडला. भूल आता किती वेगळी असते, गोळ्यांचं काय, न करता राहिलेल्यांचं काय होतं. कुणातरी डॉक्टर झालेल्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करून विचारून आली होती, तेही माझे रिपोर्ट सांगून. मी रागावले. म्हणाली, "नाव सांगितलं नाही तुझं. बोलले, माझी एक मैत्रीण आहे, हट्टी आहे."

शेवटी खाली बसली. धाप लागली होती. "दोन्ही बाजू झाल्या. आता तू ठरव. मी शब्द पुरवणार नाही."

"तुला काय वाटतं पण?"

"ते नाही विचारायचं. नियम आहे."

तिचे डोळे भरले होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं. ती मटणाचा खलिया घेऊन आली होती डब्यात, तिखट बेतानं घातलेला, मला आता चालत नाही म्हणून.

२७ जून

कट्टा वाचला. नूर आठवडाभर तिथं फिरकलेली नाही. सा.मा. रोज विचारतोय. "नूरताई कुठं आहात?" "ताई, हरलात का?" काल: "ताई, बऱ्या आहात ना?" वाळूज बॉयनं त्याला चिडवलं तर म्हणाला, "चिडवू नको, रोजचं माणूस दिसलं नाही तर जीव रमत नाय."

मग त्यानंच खाली: "ती मशीनबाई पण गेली. बरी होती. वाक्य तरी पूर्ण करायची."

आधी आनंद झाला. खोटं का बोलू, चांगलाच झाला. तो वाट बघतोय आणि ती माझ्याकडं आहे. मग दुपारभर ते 'बऱ्या आहात ना' डोक्यात राहिलं. मीसुद्धा तेच करत होते की. वाट बघत होते, चिडवून बोलवत होते.

त्याला उत्तर दिलं नाही.

३० जून

मी ठरवलं. करायचं. नूरला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कारण?"

मी कारण सांगितलं. सिस्टरसारखं, आधी विरुद्ध बाजू नीट मांडून. ऐकून म्हणाली, "तिसरा मुद्दा कच्चा आहे. पण चालेल."

२ जुलै

दवाखाना. उद्या सकाळी. मेघना बाहेर कुणाशी तरी फोनवर बोलतेय, आवाज येतो.

नूर दिवसभर इथं होती, खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर. हाताचा वाद परत झाला. नर्सनं हळू बोलायला सांगितलं. नूरनं नर्सलाच विचारलं, तुम्ही सांगा, कुणाचा चेहरा हात लावणाऱ्यासारखा दिसतो? नर्स म्हणाली, आजी, मला बीपी घ्यायचंय.

मला डोळा लागला होता. उघडला तेव्हा नूर टॅबलेटवर टाइप करत होती. पटकन खाली ठेवला. मनाला लागलं. उद्या छाती उघडणार आहेत आणि आजही लागलं. लिहून ठेवते.

मेघनाला तोंडी सांगितलंय, तरी इथं.

सोन्याच्या बांगड्या मेघनाला. तिला जुन्या घडणीच्या आवडत नाहीत, मोडून घेतल्या तरी चालेल, मला विचारायला नको.

पुस्तकं खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलीला. शब्दकोश सोडून. तो नूरला, तिच्या मराठीला अजून गरज आहे, असं मी म्हटलंय म्हणून सांगावं.

चालायचे बूट, जवळजवळ नवे, नूरला. तिचे गुडघे बरे होणार नाहीत हे मला माहीत आहे. तरी तिलाच.

सिस्टरनी दिलेला छोटा कप, वादविवादाचा, त्यावर दोघींची नावं आहेत. तो आजवर माझ्याकडे होता. आता तिची पाळी.

साधामाणूस. याला माझ्याकडचं काही नाही. नूरनं त्याला उत्तर द्यावं, तो वाट बघतो. पण त्या फ्रिजच्या गोष्टीत मला परत घालून द्यावं, दुसरी मुलगी म्हणून तरी.

फ्रिज मेघनाला नको आहे, तिच्याकडे मोठा आहे. तो नूरच्या घरी नेऊन लावावा. दुपारी खिडक्या लावून, दार उघडून तिनं समोर बसावं. मग उठून मागं हात लावून बघावा, आणि कुणाचा होता ते मला खरं सांगावं.